एकवीस दिवसांची राखण

आमच्या घरी कोंबडी खुडूक झाली की आजीला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. कोंबडीचा आवाज घोगरा व्हायचा, ती खुराड्याच्या कोपऱ्यातून उठेनाशी व्हायची, हात पुढे केला की पिसं फुलवून चोच मारायची. मग आजी एका जुन्या पाटीत चुलीतली राख आणि तिच्यावर भाताचा पेंढा पसरायची, कोळशाने खूण केलेली अकरा किंवा तेरा अंडी त्यात मांडायची आणि दिवेलागणीनंतर कोंबडीला अलगद त्यांच्यावर ठेवायची. आमच्याकडे याला रवणाला बसवणं म्हणतात. पाटीत एक लोखंडाचा तुकडाही असायचा, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. त्या लोखंडाने काही होत नव्हतं. पण राखेमुळे पिसवा दूर राहत होत्या, अंधारात कोंबडी नवी जागा लवकर पत्करत होती, आणि कोळशाच्या खुणेमुळे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेलं अंडं ओळखून काढता येत होतं. आजीच्या पाटीत श्रद्धा आणि शास्त्र शेजारी शेजारी नांदत होते, आणि अकरापैकी आठ-नऊ पिल्लं निघायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी शहरातल्या घरी मी थर्माकोलच्या पेटीत दिवा आणि छोटा पंखा बसवून बारा अंडी ठेवली. तीन पिल्लं निघाली, त्यातली दोन विसाव्याच दिवशी, अशक्त. उरलेली नऊ अंडी फोडून पाहिली तेव्हा त्यांपैकी सहांत जवळपास पूर्ण वाढलेली पिल्लं होती. चूक शोधताना कळलं की माझा तापमापक दीड अंश कमी दाखवत होता. मी साडेसदतीस समजून एकोणचाळीसवर अंडी भाजत होतो. शिवाय दिवसातून दहा वेळा झाकण उघडून आत डोकावत होतो. त्या सहा पिल्लांचं मला आजही वाईट वाटतं. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे.

त्या फसलेल्या खेपेने जे शिकवलं ते एका वाक्यात मावतं: पिल्लू आपण घडवत नाही, ते अंडंच घडवतं, आपल्याकडे असते ती फक्त राखण. शेतात पीक राखणारा माणूस कणसात दाणा भरत नाही. तो पाखरं हाकलतो, पाणी पाहतो, आणि बाकीचा वेळ पिकाला हात लावत नाही. अंडी उबवणंही तसंच. ऊब, ओलावा, हवा आणि अंडी फिरवणं या चार गोष्टी सांभाळायच्या आणि पाचवी गोष्ट, म्हणजे आपली उतावीळ, आवरायची.

अंड्याकडे नीट पाहिलं तर या चार गोष्टींचं कारण उलगडतं. फळलेल्या अंड्यात बलकावर एक फिकट ठिपका असतो, आणि अंडं घातलं जातं तेव्हाच त्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. गारव्यात त्या थबकून राहतात. म्हणूनच कोंबडी दहा-बारा दिवसांत एकेक करून घातलेली अंडी एकदमच उबवू शकते आणि पिल्लं जवळपास एकाच दिवशी निघतात. ऊब मिळाली की थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. दुसरा दिवस सरायच्या आत हृदय धडधडू लागतं. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरली तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात. कवच घट्ट वाटलं तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि वाफ बाहेर जाते. त्यामुळे ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. ही घट झाली नाही तर रुंद टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते, आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. घट फार झाली तर आतला पापुद्रा वाळून चामड्यासारखा पिल्लाला चिकटतो. अंडी फिरवायची ती वाढणारा जीव कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू नये आणि पांढऱ्यातलं पोषण त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा फिरवायची, कारण मग रात्रीचा लांब पल्ला आज एका कुशीवर तर उद्या दुसऱ्या कुशीवर जातो. यासाठी पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा. आजीच्या कोळशाच्या खुणेने असं आणखी एक काम पत्करलं.

आपल्या भाषेत पक्ष्याला द्विज म्हणतात. एकदा अंड्याच्या रूपाने आणि एकदा अंड्यातून, असा तो दोनदा जन्मतो. दातालाही द्विजच म्हणतात, कारण दातही दोनदा येतात. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर दातासारखा एक टणक दाणा असतो, त्याने ते कवच फोडतं, आणि जन्मानंतर काही दिवसांत तो दाणा गळून पडतो. दोन्ही द्विज त्या घटकेला एका ठिकाणी येतात.

माणसाने हे काम कोंबडीच्या पोटाखालून काढून आपल्या हाती घेतलं त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. इजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिल्लं काढतात, अशी नोंद इ. स. पूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने केली आहे. त्यानेच अंडी एकेका दिवसाच्या अंतराने फोडून आतली वाढ पाहिली आणि हृदय रक्ताच्या उडत्या ठिपक्यासारखं दिसतं, असं लिहून ठेवलं. इजिप्तमध्ये पुढे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधून अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या, खाली हजारो अंडी आणि वर शेणाच्या गोवऱ्यांचा मंद विस्तव. तापमापक नव्हता. भट्टीवाला अंडं उचलून आपल्या पापणीला लावायचा आणि त्या स्पर्शावरून विस्तव वाढवायचा की झाकायचा हे ठरवायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. चीनमध्ये तापवलेलं धान्य किंवा तूस भरलेल्या टोपल्यांत अंडी उबवत. जुन्या अंड्यांतली वाढती पिल्लं स्वतःच उष्णता देतात हे ओळखून नव्या अंड्यांना त्यांच्या शेजारी ठेवण्याची युक्तीही तिथल्या लोकांना साधली होती. बांगलादेशात बदकाची अंडी तुसाच्या उबेत उबवण्याची पद्धत आजही आहे.

युरोपला इजिप्तच्या भट्ट्यांचं फार कुतूहल होतं. फ्रान्सचा रेओम्यूर, ज्याच्या नावाची तापमानपट्टी होती, त्याने ही कला तापमापकाच्या भाषेत आणायचा प्रयत्न केला आणि १७४९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधी, १६७२ च्या सुमारास, इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यातल्या पिल्लाची वाढ टप्प्याटप्प्याने रेखाटली होती. तेव्हापासून कोंबडीचं अंडं गर्भविज्ञानाची पहिली शाळा झालं. फ्लूची लस बनवायला आजही मोठ्या प्रमाणात दहा-अकरा दिवस उबवलेली अंडीच लागतात. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी १८७९ मध्ये लायमन बाइस याने विकण्याजोगं उबवणी यंत्र बनवलं आणि ते गाव अंड्यांचं आगर बनलं. १९२० च्या दशकात ओहायोच्या आयरा पीटरसाइमने विजेवर चालणारं यंत्र आणलं. तिथून पुढे एका खोलीत हजारो अंडी, आपोआप फिरणारे ट्रे, एका दिवसाच्या पिल्लांची खोकी आणि रेल्वेने त्यांची पाठवणी, हा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे तो १९७० नंतर झपाट्याने वाढला आणि त्यात पुण्याचं नाव मोठं आहे. सरकारी अंडी उबवणी केंद्रांनीही गावोगाव पिल्लं पोचवली.

या उद्योगाने एक गोष्ट मात्र कोंबडीकडून काढून घेतली. खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं थांबवते. ज्याला अंडीच हवीत त्याच्या दृष्टीने हा तोटा. गावातही असा तोटा टाळायला कोंबडीला पाण्यात बुडवणं किंवा डालग्याखाली कोंडणं चालायचंच. पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या, आणि अंड्यांच्या जातींमधून खुडूकपण जवळपास नाहीसं झालं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि आपली पिल्लं आपण काढते. अंड्यांसाठी घडवलेली कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देते, पण त्यांवर बसायचं असतं हे ती विसरली आहे. परसबागेसाठी तयार केलेल्या वनराजा, गिरिराज यांसारख्या जातीही क्वचितच खुडूक होतात. म्हणून ज्याच्या अंगणात आता या कोंबड्या आहेत त्याला पुढची पिढी हवी असेल तर यंत्र लागतं, नाहीतर शेजारची गावठी कोंबडी उसनी आणावी लागते.

आज घरी अंडी उबवणाऱ्यांत तीन पंथ दिसतात. पहिला खुडूक कोंबडीचा. याला वीज लागत नाही, तापमापक लागत नाही, आणि पिल्लं निघाल्यावर त्यांना ऊब देणारी, दाणे टिपायला शिकवणारी, घारीपासून पंखाखाली घेणारी आई आयती मिळते. अडचण एवढीच की ती तिच्या वेळेला बसते, आपल्या सोयीने बसत नाही, आणि तिच्या पोटाखाली दहा-बाराच अंडी मावतात. दुसरा पंथ घरगुती पेटीचा: थर्माकोलचा डबा, दिवा, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. हा स्वस्त आणि सर्वांत जास्त शिकवणारा, पण चुकांना सर्वांत कमी माफी देणाराही. यात दोन पोटभेद आहेत. पंखा असलेल्या पेटीत हवा सगळीकडे सारखी असते, तिथे ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचं. पंखा नसेल तर हवा थरांत साठते, म्हणून अंड्यांच्या वरच्या बाजूला मोजून ३८.५ च्या आसपास ठेवायचं. कुणी एका पेटीचा आकडा दुसऱ्या पेटीला लावतो आणि खेप गमावतो. शिवाय पिवळे दिवे आता दुकानातून दिसेनासे झालेत, आणि एलईडी दिवा प्रकाश भरपूर देतो, पण ऊब जवळपास देतच नाही. तिसरा पंथ तयार स्वयंचलित यंत्राचा. हे फिरवतं, मोजतं, आवाज देतं. माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तिथेच चुकतो, कारण त्याच्या पडद्यावरचा आकडा खरा आहे का हे तपासायचं त्याला सुचत नाही. या तिघांत मला सगळ्यात आवडतो तो मेळ: यंत्रात अंडी उबवायची आणि रात्री अंधारात निघालेली पिल्लं खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी ती त्यांना आपली मानून हिंडवू लागलेली पाहणं हा या सगळ्या कामातला फार मोठा आनंद आहे. मात्र कोंबडी काही दिवस आधीपासून बसलेली हवी, आणि पहिल्या सकाळी आपण जवळ हवं.

पंथांमधला सगळ्यात जुना वाद मदतीचा आहे. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबतं, ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर नेला जातो आणि झाकण बंद होतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घेतं. मग कवचाला चीर पडते, आणि त्यानंतर तासन्‌तास काहीच होत नाही. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, हात पुढे जातो. पण त्या शांततेत आत खूप काही चाललेलं असतं. पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत येत असतं, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. आपण कवच सोलायला गेलो तर वाहत्या रक्तवाहिन्या तुटतात. चीर पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागणं स्वाभाविक आहे, आणि पोटातल्या बलकावर नवं पिल्लू दोन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला मदत करू नये. अनुभवी माणसाने कोणत्या खुणा पाहून, किती आणि केव्हा हात लावावा याची चर्चा पुस्तकात आहे, पण ती वाचायची ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

हे सगळं ज्ञान परदेशातल्या पुस्तकांतून आपल्याकडे येतं तेव्हा त्यासोबत तिथलं हवामानही येतं, आणि घोटाळा तिथेच होतो. पेटीत पाणी भरून ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण कोकणात जुलैमध्ये २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत शिरून साडेसदतीसवर तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या जरा खाली येते. म्हणजे पहिले अठरा दिवस जेवढी हवी जवळपास तेवढी, वाटीत थेंबभर पाणी न घालता. तिथे पाणी भरलं तर पिल्लं गुदमरतात. उलट नाशिकच्या डिसेंबरमध्ये बाहेर कितीही गारवा वाटला तरी तीच हवा पेटीत तापल्यावर कोरडी ठाक होते, आणि एक वाटी पाणी पुरत नाही. विदर्भातल्या मे महिन्याची गोष्ट तर वेगळीच. बाहेर ४४ अंश असताना घरगुती यंत्र काय करणार? त्याला तापवता येतं, गार करता येत नाही. उबवायला ठेवण्याआधी साठवलेली अंडीही त्या उन्हात अर्धवट जागी होतात आणि मरतात. त्यांना पंधरा ते अठरा अंशांचा गारवा लागतो आणि सात दिवसांच्या आत यंत्र. आजी थंडीतच कोंबड्या बसवायची. त्यामागे हा हिशेब होता. वीज जाण्याची भीती मात्र आपण जास्त बाळगतो. कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटं दाणापाण्यासाठी उठतेच. काही तासांचा गारवा अंडी बहुतेक वेळा सोसतात, पण तेवढाच वेळ चढलेली उष्णता सोसत नाहीत. वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका आणि झाकण उघडू नका.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तर आकड्यांतही आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं नोंदली गेली. त्यांतली ३१.७ कोटी परसातली होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती. म्हणजे अंगणातली कोंबडी संपलेली नाही, उलट परततेय. ज्या घरात जमीन पुरुषाच्या नावावर आणि दुधाचं बिल पुरुषाच्या खात्यात, त्या घरातही अंड्या-कोंबड्यांचा पैसा बहुतेकदा बाईच्या कनवटीला असतो. मुलाची वही, आजारातलं औषध, माहेरी जायचं भाडं त्यातून निघतं. तिला दरवेळी पिल्लं विकत घ्यावी लागली तर तो पैसा पुन्हा दुकानाकडे जातो. आपली पिल्लं आपण काढता येणं हे तिचं स्वावलंबन आहे. आणि गावठी कोंबडीची रोगाशी झुंजणारी, उकिरड्यावर पोट भरणारी, मांजराला चुकवणारी जात टिकायची असेल तर ती अंगणातच टिकेल.

या कामाला जबाबदाऱ्याही आहेत आणि त्या मी लपवलेल्या नाहीत. दुकानातली पांढरी अंडी उबणार नाहीत, कारण त्या कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरचीच अंडी आणावीत. निघणाऱ्या पिल्लांत साधारण अर्धे नर असतील. अंड्याच्या आकारावरून किंवा पेटीच्या तापमानावरून ते टाळता येत नाही. मोठ्या उद्योगात अंड्यांच्या जातींची नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने हे थांबवलं. आपल्या अंगणातल्या नरांचं काय करायचं, वाढवून खायचे, विकायचे की सांभाळायचे, हे अंडं पेटीत ठेवण्याआधी ठरवावं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते आणि ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावी लागते. मानमोडीची लस वेळेवर द्यावी लागते. नवापूरला २००६ मध्ये आणि परभणीच्या मुरुंब्याला २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा अंगणातले पक्षीही गेले. कोंबड्यांत अचानक मर झाली तर लपवू नये, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

हे पुस्तक पहिल्यांदा अंडी उबवणाऱ्यासाठी आहे. मोठी हॅचरी काढू पाहणाऱ्याला ते पुरणार नाही. त्यात एकवीस दिवसांचा रोजचा क्रम आहे, पण रोज फक्त काय करायचं एवढंच सांगून मी थांबलेलो नाही. त्या दिवशी कवचाआड काय घडत असेल तेही सांगायचा प्रयत्न केला आहे, कारण आत काय चाललंय हे माहीत असलं की हात आपोआप आवरतो. कोकण, घाटमाथा, देश आणि विदर्भ यांच्या हवेनुसार ओलाव्याचा विचार वेगळा केला आहे. आणि न निघालेल्या अंड्यांना वेगळी जागा दिली आहे. ती फेकून देऊ नका, फोडून पाहा. कोणत्या दिवशी वाढ थांबली हे कळलं की कारण बहुतेक वेळा सापडतं. माझ्या सहा पिल्लांनी मला जे शिकवलं ते तुम्हाला कमी किमतीत शिकता यावं एवढीच इच्छा.

सुरुवात करताना दोन वेगवेगळे तापमापक आणा, रिकामी पेटी पूर्ण एक दिवस चालवा, आणि काटे स्थिर झाल्यावरच अंडी ठेवा. मग रोज अंडी फिरवताना हात धुऊन एक अंडं क्षणभर पापणीला लावून पाहा आणि लगेच जागेवर ठेवा. पहिल्या दिवशी त्या स्पर्शातून काहीच कळणार नाही. सतराव्या दिवसापर्यंत पापणी साडेसदतीस ओळखू लागेल, आणि तापमापक दीड अंशाने खोटं बोलला तर काटा पाहण्याआधी तुमच्या मनात शंका येईल. इजिप्तचा भट्टीवाला एवढ्याच भरवशावर विस्तव राखायचा. आजीही पाटीत हात घातला की एखादं गार अंडं न बघता बाजूला काढायची.